कुल्फीचे मडके आणि गोठलेली तोटी



गेल्या जानेवारीत आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचे कॅनडातील टोरांटो शहराहून मला पत्र आले. दहावीला असताना रसायनशास्त्राच्या तासाला तो मागच्या बाकावर बसत असे आणि ‘हे शिकून पुढे उपयोग काय?’ हा त्याचा नेहमीचा प्रश्न असे. पत्राचा आरंभ त्याने असा केला होता : “सर, द्रावणाचा गोठणबिंदू हा धडा मी परीक्षेपुरता पाठ केला होता. तो मला परवा रस्त्यावर पुन्हा शिकावा लागला, आणि या वेळी शिक्षक फार कडक होते.”

हकीकत अशी. त्याने ऑगस्ट महिन्यात एक जुनी मोटार विकत घेतली. मोटारीच्या समोरच्या काचेवर पाणी उडविण्यासाठी बॉनेटखाली एक छोटी टाकी असते. आपल्याकडे इंदुरात जसे करतात तसे त्यानेही केले. नळाचे साधे पाणी टाकीत भरले आणि ती गोष्ट तो विसरून गेला. जानेवारीत एका सकाळी तो हमरस्त्याने कामावर निघाला. बाहेर तापमान उणे नऊ अंश सेल्सिअस. बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकलेले होते. शेजारून एक मालमोटार भरधाव गेली आणि तिच्या चाकांनी उडविलेला खारट, करडा चिखल याच्या काचेवर येऊन आदळला. याने वायपर चालू केले. चिखल निघाला तर नाहीच, उलट सबंध काचेवर पांढरट थर पसरला, आणि समोरून येणाऱ्या कोवळ्या उन्हाने तो थर दुधासारखा चमकू लागला. याने पाणी उडविण्याची दांडी ओढली. पंपाची घरघर ऐकू आली, पण थेंबही आला नाही. ताशी नव्वद किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत बसलेला हा मनुष्य काही क्षण अक्षरशः आंधळा झाला होता. बाजूच्या काचेतून कडेची पट्टी पाहत पाहत त्याने गाडी रस्त्याच्या बाहेर घेतली, इशाऱ्याचे दिवे लावले आणि खाली उतरून मूठभर बर्फाने व हातरुमालाने काच पुसली. “ताशी नव्वदचा वेग म्हणजे सेकंदाला पंचवीस मीटर,” असे त्याने लिहिले होते. “चार सेकंद दिसले नाही, म्हणजे शंभर मीटर मी न पाहता गेलो.”

हे वाचून माझ्या मनात आले, की या एका प्रसंगात पदार्थविज्ञानाचे व रसायनशास्त्राचे किती नियम एकत्र येऊन उभे राहिले आहेत! ते नियम समजून घेण्यास टोरांटोला जाण्याची मात्र गरज नाही. आपल्या घरातला पाण्याचा माठ आणि सराफ्यातले कुल्फीचे मडके एवढी सामग्री पुरेशी आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. काच पुसण्याच्या साधनाचे अमेरिकन पेटंट १९०३ साली अलाबामा राज्यातील मेरी अँडरसन या स्त्रीला मिळाले. न्यूयॉर्कच्या हिवाळ्यात ट्रामचा चालक बर्फाने भरलेली काच पुसण्यासाठी वारंवार खोळंबतो, हे पाहून तिला ही कल्पना सुचली. आत बसल्या बसल्या दांडी फिरवावी आणि बाहेर रबराची पट्टी काचेवरून सरकावी, अशी तिची रचना होती. पुढे या पट्टीच्या जोडीला पाण्याचा फवारा आला. आजच्या गाडीत त्याचे चार भाग असतात : काही लिटर मावतील अशी प्लॅस्टिकची टाकी, तिला जोडलेला छोटा विजेचा पंप, बोटाहूनही बारीक रबरी नळी आणि शेवटी सुईच्या टोकाएवढे छिद्र असलेली तोटी. या चारांपैकी कोठेही पाणी गोठले की फवारा बंद पडतो.

पाणी शून्य अंशाला गोठते, हे आपण जाणतोच. गोठताना बहुतेक पदार्थ आकसतात, पाणी मात्र फुगते. त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. काठोकाठ भरलेल्या टाकीतील पाणी गोठले तर टाकीला तडा जातो, पंपाचे नाजूक कवच फुटते किंवा नळी जोडातून निसटते. शिवाय तोटी सर्वांत आधी गोठते. तिच्यातले पाणी थेंबभर, बाहेरचा वारा थेट तिच्यावर, आणि गाडी धावू लागली की तो वारा अधिकच जोराचा. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाऱ्यामुळे कोरडी वस्तू हवेहून अधिक थंड होत नाही. उणे पाच अंशांच्या हवेत वारा कितीही सुटला तरी कोरड्या तापमापकाचा पारा उणे सहावर उतरणार नाही. वारा फक्त वस्तूची उष्णता लवकर काढून नेतो. म्हणून इंजिनाच्या उबेने टाकीतले पाणी सैल झाले तरी तोटीचे तोंड बंदच राहते, आणि पंप घरघरत असूनही पाणी येत नाही.

आता कुल्फीच्या मडक्याकडे वळू. कुल्फीवाला मडक्यात बर्फाचे तुकडे भरतो, त्यांत जाडे मीठ टाकतो आणि त्यात दुधाचे साचे रोवून मडके हलवीत राहतो. नुसत्या बर्फात कुल्फी नीट जमत नाही, कारण नुसता वितळता बर्फ शून्य अंशाखाली जात नाही आणि साखर घातलेले दूध शून्य अंशाला गोठत नाही. मीठ पडताच चमत्कार होतो. बर्फ भराभर वितळू लागतो; वितळण्यासाठी लागणारी उष्णता तो शेजारच्या साच्यांतून आणि स्वतःतूनच ओढून घेतो; आणि सारे मिश्रण शून्याच्या बरेच खाली जाते. प्रमाण अचूक साधले तर ते उणे एकवीस अंशांपर्यंत उतरू शकते.

असे का व्हावे? शून्य अंशाला बर्फ आणि पाणी शेजारी असतात, तेव्हा बर्फाचे काही रेणू सुटून पाण्यात जातात आणि पाण्याचे तितकेच रेणू बर्फाला येऊन चिकटतात. जमाखर्च सारखा राहतो. पाण्यात परका पदार्थ विरघळला, की पाण्याच्या रेणूंच्या रांगेत परक्यांची गर्दी होते आणि बर्फाला येऊन चिकटणाऱ्यांची संख्या घटते. सुटणारे मात्र पूर्वीइतकेच सुटतात. बर्फाचा खर्च चालू राहतो, जमा आटते. हा हिशेब पुन्हा जुळवायचा तर तापमान आणखी खाली न्यावे लागते. यालाच गोठणबिंदूचा अवनमन असे आपल्या पुस्तकात म्हटले आहे.

या नियमाचे सौंदर्य असे, की परका पदार्थ कोणता, याला फारसे महत्त्व नाही. त्याचे कण किती, याला आहे. एक किलो पाण्यात कोणत्याही पदार्थाचा एक मोल विरघळला तर गोठणबिंदू सुमारे १.८६ अंशांनी उतरतो. मिथेनॉल नावाच्या मद्यार्काचा एक मोल म्हणजे ३२ ग्रॅम. साखरेचा एक मोल म्हणजे ३४२ ग्रॅम. तेव्हा पाण्याला उणे १८.६ अंशांपर्यंत गोठू द्यायचे नसेल, तर एक किलो पाण्यात मिथेनॉल ३२० ग्रॅम पुरते, आणि साखर मात्र तीन किलो चारशेवीस ग्रॅम लागेल! असला पाक कोणत्या नळीतून चढणार? मिठाच्या प्रत्येक घटकाचे पाण्यात दोन विद्युत्भारित कण होतात, म्हणून ५८.५ ग्रॅम मीठ जवळजवळ दुप्पट काम करते. परंतु मीठ काचेवर वाळून पांढरे होते आणि लोखंडाला गंज आणते. जो डाग पुसायचा तोच फवाऱ्यातून उडवायचा, यात शहाणपण नाही.

म्हणून थंड देशांतील टाकीत मद्यार्काचे द्रावण भरतात. मद्यार्क पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळतो, पातळ राहतो, उडून जातो आणि मागे डाग ठेवीत नाही. कॅनडा व अमेरिकेत हे काम प्रायः मिथेनॉल करते. युरोपातील अनेक देशांत इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल मद्यार्क वापरतात. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातही गोठणरोधक घालतात; पण तो बहुधा ग्लायकॉल असतो. तो चिकट आहे व काचेवर तेलकट पापुद्रा सोडतो. एका टाकीचा द्रव दुसऱ्या टाकीत ओतणे म्हणूनच चूक होय.

कॅनडातील दुकानांतून मिळणाऱ्या हिवाळी द्रवाच्या बाटलीवर ‘उणे ४०’ असा आकडा असतो. (सेल्सिअस व फॅरनहाइट ही दोन्ही मापे उणे चाळीसला एकत्र येतात, हे गणिताच्या मित्रांनी पडताळून पाहावे.) आमच्या विद्यार्थ्याने पत्रात एक शंका विचारली होती : “टाकी निम्मी पाण्याने भरलेली असताना वर निम्मा हिवाळी द्रव ओतला, तर उणे वीसपर्यंत निर्धास्त राहता येईल ना?” या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्याचे कारण त्रैराशिकात आहे. असा द्रव शंभर ग्रॅम घेतला तर त्यात ढोबळ मानाने चाळीस ग्रॅम मिथेनॉल व साठ ग्रॅम पाणी असते. म्हणजे शंभर ग्रॅम पाण्यामागे सदुसष्ट ग्रॅम मिथेनॉल. त्यात आणखी शंभर ग्रॅम पाणी मिसळले, की पाणी एकशेसाठ ग्रॅम होते आणि शंभरामागे मिथेनॉल उरते फक्त पंचवीस ग्रॅम. हे मिश्रण उणे पंधराच्या सुमारासच गोठू लागते. अर्धे पाणी घातल्याने संरक्षण अर्ध्याहूनही कमी झाले! काटकसर करण्याची जागा ही नव्हे.

मिठाची एक गंमत येथेच सांगतो. कुल्फीवाल्याचे मीठ आणि टोरांटोच्या रस्त्यावरचे मीठ एकच काम करीत असते. तेथे ते बर्फाला शून्याखालीही वितळवून रस्ता मोकळा ठेवते. पण त्यामुळेच उणे नऊ अंशांतही रस्ता ओला राहतो, चाकांनी उडतो आणि काचेवर वाळून बसतो. कोरडा बर्फ पडला असता तर वायपरनेच झटकला गेला असता. म्हणजे जे मीठ चाकांना आधार देते, तेच डोळ्यांपुढे पडदा धरते. आणि ज्या दिवशी फवाऱ्याची गरज सर्वांत मोठी, नेमक्या त्याच दिवशी साध्या पाण्याचा फवारा गोठलेला असतो.

कित्येकांचा अनुभव असा, की टाकीत उत्तम हिवाळी द्रव असतानाही काचेवर फवारा पडताच पातळ बर्फाची जाळी धरते. याचे उत्तर आपल्या माठात आहे. माठातून झिरपलेले पाणी बाहेर वाळते, वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते आणि पाणी गार होते. मद्यार्क पाण्याहून कितीतरी लवकर उडतो. काचेवर पसरलेल्या द्रवातून तो आधी उडून जातो, जाताना उष्णता नेतो आणि मागे पाण्याचे प्रमाण अधिक असलेला थर ठेवतो. वारा कोरड्या वस्तूला हवेहून थंड करीत नाही असे वर म्हटले; ओल्या वस्तूला मात्र तो करू शकतो, तो असा. म्हणून जाणते चालक आधी गाडीच्या आतील गरम हवेचा झोत काचेवर सोडतात, काच उबदार झाली की मगच फवारा उडवितात.

बरे, तोटी गोठलीच तर काय करावे? पहिली गोष्ट, दांडी पुन्हा पुन्हा ओढू नये. बर्फावर डोके आपटणारा पंप तापतो. फ्यूज जातो किंवा पंपच जळतो. दुसरी गोष्ट, काचेवर उकळते पाणी कदापि ओतू नये. काच उष्णतेची मंद वाहक आहे. जेथे गरम पाणी पडते तो भाग प्रसरण पावतो, शेजारचा थंडच राहतो आणि या ओढाताणीत काच तडकते. एखादा बारीक टवका आधीच उडालेला असेल तर नक्कीच. शिवाय ओतलेले पाणी क्षणात निवते आणि नवा बर्फ होऊन बसते. तिसरी गोष्ट, ज्योत जवळ नेऊ नये. मद्यार्काची वाफ पेट घेते, आणि मिथेनॉलची ज्वाला दिवसाच्या प्रकाशात जवळजवळ दिसतही नाही.

योग्य उपाय सोपा, पण धीराचा आहे. गाडी उबदार जागी, म्हणजे तापविलेल्या गॅरेजात किंवा एखाद्या मोठ्या इमारतीच्या तळघरातील वाहनतळावर काही तास उभी करावी. गॅरेज बंद असेल तर आत इंजिन चालू ठेवू नये; त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाही, रंग नाही, आणि तो प्राण घेतो. बर्फ वितळल्यावर टाकीतील जुने पाणी शक्य तेवढे काढून टाकावे, हिवाळी द्रव भरावा, आणि तोटीतून नव्या द्रवाचा रंग दिसू लागेपर्यंत फवारा उडवावा. ही शेवटची पायरी बहुतेक लोक विसरतात. टाकीत द्रव नवा आणि नळीत पाणी जुने राहिले, तर त्याच रात्री तोटी पुन्हा गोठते. आमच्या विद्यार्थ्याचे दोनदा असेच झाले.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख प्रामुख्याने लिहावयास घेतला, ती सांगतो. ती विद्यार्थ्यांइतकीच त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांसाठीही आहे. आपल्यापैकी अनेक घरांतील मुले-मुली आज परदेशी आहेत आणि आजी-आजोबा नातवंडांसाठी तिकडे जाऊन राहतात. तेथील गॅरेजात हिवाळी द्रवाची मोठी बाटली असते. द्रवाचा रंग बहुधा सुंदर निळा; एखाद्या सरबताचा भास व्हावा असा. हे सरबत नव्हे. मिथेनॉल हे भयंकर विष आहे. पोटात गेल्यावर यकृत त्याचे प्रथम फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करते, आणि हे आम्ल डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते. सुमारे दहा मिलिलिटर, म्हणजे दोन छोटे चमचे, शुद्ध मिथेनॉलही माणसास कायमचे आंधळे करू शकते. त्याहून थोडे अधिक प्राणघातक ठरते. त्यातही घातकी भाग असा, की लक्षणे कित्येकदा बारा-बारा तास, चोवीस-चोवीस तास दिसत नाहीत. मूल खेळत असते आणि आतल्या आत विष आपले काम करीत असते. म्हणून कोणी हा द्रव घोटभर प्याल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. वेळेवर पोचल्यास यावर उतारा आहे.

मिथेनॉलची ही करणी आपल्या देशाला अपरिचित नाही. २०१५ साली मुंबईतील मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. २०२२ साली गुजरातेत बोटाद परिसरात चाळिसांहून अधिक. दोन्ही ठिकाणी दारूत मिथेनॉल होते. युरोपीय संघाने २०१८ साली नियम करून, सामान्य ग्राहकास विकल्या जाणाऱ्या काच धुण्याच्या द्रवातील मिथेनॉल जवळजवळ हद्दपार केले. काचेला दृष्टी देणारे द्रव्य माणसाची दृष्टी हिरावून घेते, असा हा विलक्षण योग आहे. ही बाटली कुलुपात ठेवावी, दुसऱ्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये, आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर मुळीच नव्हे.

“पण सर, आपल्या माळव्यात हे कशाला?” असे कोणी विचारील. आपल्याकडे पारा सात-आठ अंशांवर उतरला, की आपण शेकोटी पेटवितो. टाकी गोठण्याचा प्रश्नच येत नाही. परंतु हा देश लडाखपर्यंत पसरलेला आहे. द्रास, कारगिल येथे हिवाळ्यात तापमान उणे वीसच्याही खाली जाते. तेथे काचेचे पाणीच काय, साधे डिझेलही घट्ट होते, म्हणून इंडियन ऑइल कंपनीने २०१९ साली उणे तेहेतीस अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल तयार केले. आपल्यापैकी कोणी उद्या सैन्यात जाऊन त्या रस्त्यावर वाहन हाकील, तेव्हा हा धडा त्याच्या कामी येईल. आणि साधे पाणी उष्ण प्रदेशातही अगदी निर्दोष नसते. टाकीत साचून राहिलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे, फुप्फुसाचा दाह करणारे जंतू वाढू शकतात, असे २०१० साली ब्रिटनमधील आरोग्य-संशोधकांना आढळले. काच धुण्याचा द्रव पाण्यात मिसळल्यास हा धोका टळतो.

शेवटी एक प्रयोग. स्टीलच्या दोन वाट्या घ्या. दोन्हींत शंभर-शंभर मिलिलिटर पाणी घाला. एकीत तीस ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. दोन्ही वाट्या रात्रभर फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि सकाळी पाहा. पाण्याची वाटी दगड झालेली असेल, मिठाची वाटी बहुधा हेलकावे खात असेल. कप्प्याचे तापमान उणे अठराच्या आसपास आणि तुमच्या मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू त्याहूनही खाली, हे त्याचे कारण. प्रयोगासाठी काचेची बंद बाटली वापरू नका. ती का फुटेल, हे वर आलेच आहे.

आमच्या विद्यार्थ्याने पत्राच्या शेवटी लिहिले होते : “आता दरवर्षी दिवाळीचा फराळ झाला, की मी टाकीतले पाणी काढून हिवाळी द्रव भरतो. बाटली वरच्या फळीवर, कुलुपात. मुलगी चार वर्षांची आहे आणि निळा तिचा आवडता रंग आहे.” मागच्या बाकावरून नेहमी येणारा तो प्रश्न या पत्रात कोठेही नव्हता. थंडी सांगून येत नाही असे म्हणतात. पण कॅलेंडरात तर ती दरवर्षी त्याच पानावर असते. टाकी भरायची ती त्या पानाच्या आधी.